कोलारचं एक वर्ष

"काय गं गिस्लेन, तुमचा कोलार पहिल्याच दिवशी उशिरा पोचला की!" देझिरे म्हणाला आणि प्रुफांचा गठ्ठा त्याने टेबलावर आपटला.

देझिरे हा ओस्त्रेमोंमधला शेवटचा छापखानेवाला. लग्नाच्या पत्रिका, बिअरच्या बाटल्यांवरची लेबलं आणि दर वर्षी चर्चची दिनदर्शिका, एवढ्यावर त्याचं पोट. दिनदर्शिका छापून छापून त्याला एक खोड लागली होती. कुणीही तारीख सांगावी आणि याने वार सांगावा, मग ती तारीख पाचशे वर्षांपूर्वीची का असेना. गावातले लोक त्याच्या या विद्येला कंटाळले होते. नवं गिऱ्हाईक सापडलं की मात्र तो सोडत नसे.

"पान तेवीस," तो म्हणाला. "'सोमवार, दोन फेब्रुवारी १४६२, मेणबत्त्यांच्या सणाला कोलार चर्चच्या गाणाऱ्या मुलांत दाखल झाला.' त्या दिवशी मंगळवार होता, बाई."

"तुझं मोजण्यात चुकलं असेल. तेव्हाचं पंचांग वेगळं होतं."

"ते मला शिकवतेस? जुन्याच पंचांगाने मोजलंय. माझं लग्न चुकलं, वार नाही चुकत. बोल, सोमवार खोडून मंगळवार करू? उद्या चारला मशीन लावणार. त्यानंतर खुद्द पोप दारात आला तरी थांबवणार नाही."

गिस्लेन हसली. उद्या सांगते म्हणाली आणि बाहेर पडली. जानेवारी संपत आला होता आणि येत्या मेणबत्त्यांच्या सणाला हे कोलारवरचं पुस्तक ते लिहिणाऱ्या फादर वुल्फ्रांच्या हातात पडायचं होतं. फादर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत दिली होती, तीही अडखळत. त्यामुळे सोमवार काय नि मंगळवार काय, पुस्तक वेळेवर निघाल्याशी कारण.

ती कोलार चौकातून चालली होती. गावात कोलारच्या नावाचा चौक होता, शाळा होती, बिअरही होती. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या दरबारात ज्याच्या रचना ऐकायला लोक ताटकळत उभे राहत, तो कोलार द्यू बोस्के आपल्या ओस्त्रेमोंचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगायचं. पुरावा मागितला की मात्र घोडं पेंड खायचं. इटलीतल्या कागदांत तो १४७४ साली एकदम उगवतो, 'एनोचा कोलार' म्हणून. एनो म्हणजे हा सगळा मुलूख. त्यातलं गाव कुठलं, आईबाप कोण, लहानपणी कुठे गायला शिकला, कशाचाच पत्ता नाही. फादर वुल्फ्रांनी या एका प्रश्नामागे पंचेचाळीस वर्षं घातली होती. त्यातल्या एकोणचाळीस वर्षांत गिस्लेन सोबत होती.

कारंज्यापाशी तिचे पाय थांबले. दोन फेब्रुवारी १४६२ ला मंगळवार असेल, तर सोमवार कधी होता? एक वर्ष आधी. १४६१ ला.

तिला घाम फुटला. त्या थंडीत, भर चौकात, कानामागे घाम.

त्या काळी या मुलखात नवं वर्ष जानेवारीत लागत नसे, ईस्टरला लागे. जानेवारी-फेब्रुवारी हे महिने जुन्याच वर्षात मोडत. म्हणून जुन्या कागदात 'फेब्रुवारी १४६१' दिसलं की आपल्या हिशेबाने ते १४६२ धरायचं, एक वर्ष वाढवायचं. गिस्लेन चोवीस वर्षांची असताना, चर्चच्या दप्तरखान्यात नोकरीला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात, फादरनी तिला हा नियम शिकवला होता. नियम शिकलेल्या नवख्या माणसाला तो कुठे लावू आणि कुठे नको असं होतं. चर्चच्या मूळ वह्या १९४० सालच्या बाँबहल्ल्यात जळाल्या होत्या. उरल्या होत्या त्या कार्लिए नावाच्या जुन्या पाद्र्याने युद्धाआधी उतरवून ठेवलेल्या चिठ्ठ्या. गिस्लेनने त्यांची टंकलेखित कार्डं केली आणि जिथे जिथे जानेवारी-फेब्रुवारी आला तिथे लाल शाईने एक वर्ष वाढवलं. फादर कार्डं बघून म्हणाले होते, "बाप रे, तू तर माझ्यापेक्षा नीट काम करतेस." त्या वाक्यावर तिने कितीतरी वर्षं काढली होती.

आणि कार्लिएने चिठ्ठ्या लिहितानाच ते वर्ष वाढवलेलं असेल तर? वार त्याने मूळ वहीतून जसाच्या तसा उचलला, वर्ष गुपचूप आपल्या पद्धतीचं केलं, आणि तिने त्यावर आणखी एक चढवलं?

एका वर्षाने काय होतं, असं कुणीही म्हणेल. इथे सगळंच होत होतं.

ती धावतच दप्तरखान्यात गेली. किल्ली तिच्याकडेच असायची, दुसरं कुणी तिथे फिरकत नसे. तिने कोट न काढताच चिठ्ठ्यांच्या पेट्या खाली ओढल्या. ज्या चिठ्ठीत जानेवारी ते मार्चमधली तारीख आहे आणि वारही दिलाय, अशी प्रत्येक चिठ्ठी काढायची आणि वार मोजायचा. एक जरी चिठ्ठी अशी सापडली की जिचा वार वर्ष वाढवल्यावरच जुळतो, तर कार्लिए वर्ष बदलत नव्हता असं म्हणता येईल. कोलारच्या चिठ्ठीत त्याची वाराची चूक झाली, असं म्हणून सुटता येईल. एकच हवी होती.

पहिली जुळली, जशी होती तशीच. दुसरीही. पाचवीपाशी तिने बेरीज पुन्हा केली, मग पुन्हा. सातवीपाशी ती मोठ्याने म्हणाली, "अरे मेल्या, एकदा तरी चूक की!" नव्वद वर्षांपूर्वी मेलेल्या पाद्र्याला ती शिव्या घालत होती. संध्याकाळी तिने घरी जाऊन सूप गरम केलं आणि तसंच ओतून दिलं. सकाळी सात वाजता ती पुन्हा पेट्यांसमोर होती. दुपारी बारापर्यंत तेवीस चिठ्ठ्या झाल्या. तेवीसच्या तेवीस जशाच्या तशा जुळल्या. कार्लिएने सगळीकडे वर्ष आधीच बदललं होतं. चोविसावी चिठ्ठी नव्हती.

मग तिने तो दुसरा कागद काढला. तो काढायची तिला भीती वाटत होती, म्हणूनच तो शेवटी ठेवला होता.

हा घंटा वाजवणाऱ्यांच्या मंडळाचा कागद, अस्सल, बाँबमधून वाचलेला. १४६१ चा ऑगस्ट. गावात प्लेग होता. कुणाच्या अंत्यविधीला कुठली घंटा वाजवली, एवढंच त्यात लिहिलेलं. 'घंटा ओतणाऱ्या जां द्यू बोस्केच्या मुलासाठी, कोलँसाठी, मधली घंटा. गाणारी मुलं पाच.'

कोलँ म्हणजे कोलारच, लाडाने. हा कागद त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता आणि त्याने त्यांचं काही अडलं नव्हतं. ऑगस्ट १४६१ मध्ये मेलेला कोलँ हा थोरला भाऊ, आणि फेब्रुवारी १४६२ मध्ये चर्चमध्ये घेतलेला कोलँ धाकटा. दोघांना नाव देणारा धर्मपिता एकच असला की एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं असायची, त्यात कुणालाच नवल वाटत नसे. चर्चमध्ये गाणारी मुलं नेहमी सहा असत. इथे पाचच का? तर एक जागा रिकामी होती. पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणाचा शेवट फादरनी त्यावरच केला होता: भावाच्या शवपेटीशेजारी नऊ वर्षांचा मुलगा उभा आहे, पाच जण गातायत, आणि सहावी जागा त्याची वाट बघतेय. ते वाक्य टाइप करताना गिस्लेन रडली होती.

आता वर्ष मागे सरकलं. कोलँ गाणाऱ्या मुलांत दाखल झाला तो फेब्रुवारी १४६१ ला. नऊ वर्षांचा. सहा महिन्यांनी प्लेग आला. पाच मुलं गायली, कारण सहावा शवपेटीत होता.

भाऊ कुणी नव्हताच. इटलीला कुणी गेलंच नाही. तो इटलीतला कोलार कुठला, कुणाचा, देवाला माहीत. ओस्त्रेमोंचा कोलँ नवव्या वर्षी मेला होता, आणि त्याला मेल्यावर आणखी साठ वर्षं जगवलं होतं ते गिस्लेनच्या लाल शाईने.

ती खुर्चीत बसून राहिली. रडू येत नव्हतं. आपण काय केलंय ते तिला स्वच्छ दिसत होतं आणि त्यावर काहीही इलाज नव्हता.

अडीच वाजता ती वृद्धाश्रमात पोचली. हातात साखरेच्या टार्टचा डबा होता; सवयीने घेतलेला. फादर उशांना टेकून बसले होते. दाढी केलेली होती, म्हणजे आज बरं होतं.

"आलीस? देझिरेने कागद कुठला लावलाय? त्याचा भरवसा नाही, बिअरच्या लेबलांचाच लावायचा."

"कागद चांगला आहे, फादर."

"मग तोंड असं का? दात दुखतोय की माणूस गेलंय?"

तिने पिशवीतून कार्लिएची चिठ्ठी, आपलं कार्ड आणि घंटेच्या कागदाची नक्कल काढून त्यांच्या पांघरुणावर ठेवली. वर एका कागदावर मांडलेले वार, आणि खाली देझिरेने विचारलेलं, 'मंगळवार करू?' फादरनी भिंग उचललं. ते वाचत होते तेव्हा ती त्यांच्या नखांकडे बघत बसली. दोन मिनिटं झाली असतील. तिला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

"ही लाल शाई?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"कार्लिए वार चुकला असेल."

"तेवीस चिठ्ठ्या तपासल्या, फादर. एकातही नाही चुकला."

"चोविसावी?"

"नाही हो."

ते ओरडतील अशी तिने तयारी केली होती. अडतीस वर्षांपूर्वी एका 'बहुधा'च्या जागी तिने 'नक्की' लिहिलं म्हणून या माणसाने तिच्याकडून पस्तीस पानं पुन्हा टाइप करून घेतली होती. त्यांनी ओरडावं असं तिला वाटत होतं. पण त्यांनी तिची बाही धरली.

"गिस्लेन, एकच वर्ष आहे गं. पन्नास नाहीत. एक. देझिरे काय म्हणाला, मंगळवार करू का? कर म्हणावं. एवढंच तर आहे. सोमवारचा मंगळवार. कुणाला कळणार? तुझ्याशिवाय त्या चिठ्ठ्या कोण बघतंय?"

"फादर..."

"मी किती दिवसांचा? मी गेल्यावर छाप, खोटं होतं म्हणून. माझ्या नावावर ढकल. मला चालेल. फक्त मला एकदा हातात धरू दे. पोरी, मी काही मागितलंय का तुझ्याकडे कधी?"

नव्हतं मागितलं. आईच्या आजारपणात तिला तीन महिने सुट्टी दिली होती आणि तिचं काम स्वतः केलं होतं. लग्न मोडलं तेव्हा एक शब्द न विचारता ते रोज चारला कॉफी घेऊन यायचे. त्यांच्या डोळ्यांत असलं काही तिने कधी पाहिलं नव्हतं. भीक मागणाऱ्या माणसाचे डोळे होते ते, आणि ते बघवत नव्हते.

पहिली चूक अजाणतेपणी झाली होती. ही दुसरी ती जाणूनबुजून करणार होती, आणि तिला वाटलं, करावी. चूक माझी, शिक्षा यांना का?

तिने फोन लावला. "देझिरे, मंगळवार कर."

"बघ! मी काय म्हणत होतो?" देझिरे खूश झाला. "चारला लावतो मशीन. फादरना सांग, एक प्रत मी स्वतः आणून देतो, फुकट."

फादरनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवर थोडा रंग आला. टार्ट दे म्हणाले. दोन घास खाल्ले, साखर पांघरुणावर सांडली. मग बोटं चाटत म्हणाले, "बस जरा. तुला त्याची सांगतो."

ही त्यांची जुनी सवय. मन खुशीत असलं की ते कोलारची गोष्ट सांगायचे, पुस्तकात न लिहिता येणारी, स्वतःच्या मनची. कालव्याकाठी चालताना गिस्लेनने ती शंभरदा ऐकली होती. दर वेळी काहीतरी नवीन निघायचं. एकदा तर त्यांनी कोलारला इटलीत दातदुखीही दिली होती.

"फेब्रुवारीची सकाळ," ते म्हणाले. "बापाच्या भट्टीपाशी झोपायचं पोरगं, म्हणून हात काळे. आई मारोई त्याचे हात राखेने घासतेय, चर्चला न्यायचंय म्हणून. घासून घासून लाल केले. पोरगं कोकलतंय. मारोई म्हणते, मेल्या, हाच सूर तिथे लाव."

गिस्लेन हसली. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"सहा मुलांत हा सगळ्यांत बुटका. मागे उभा केला तर दिसत नाही, पुढे उभा केला तर गुरुजींच्या पायात येतो. शेवटी स्टुलावर चढवला. ईस्टरपर्यंत सगळी प्रार्थना पाठ. स्टूल उडवून लावलं. मग उन्हाळा..."

ते थांबले. पाणी मागितलं, प्यायले.

"मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात... नाही, ते सोडू. मग पुढे तो इटलीला निघाला. एकवीस वर्षांचा. डोंगर ओलांडायचा होता, खेचरावर..."

पुन्हा थांबले.

"फादर, थकलात. पडा थोडे."

"तो येत नाहीये, गिस्लेन."

"कोण?"

"पोरगा. ऑगस्टच्या पुढे येतच नाही. मी म्हणतोय चल, खेचर उभं आहे. तो तिथेच पडलाय आणि ते पाच जण गातायत." त्यांचा आवाज फाटला. "नऊ वर्षांचा होता गं. तापाने फणफणला असेल. मारोईने त्याचे काळे हात धरले असतील. आणि मी काय केलं? त्याला मेलेलाही राहू दिलं नाही. त्याच्या पेटीजवळ त्यालाच उभा केला, भाऊ म्हणून. आणि वर ते वाक्य लिहिलं. किती वेळा वाचलं मी ते वाक्य, किती आवडायचं मला..."

ते रडू लागले. म्हातारी माणसं रडतात तसे, तोंड उघडं टाकून. गिस्लेनने त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"फोन कर."

"फादर, मग पुस्तकच उरत नाही. पहिली चार प्रकरणं काढली तर..."

"फोन कर."

"दुसरं लिहायला वेळ नाहीये."

"तुझ्याकडे आहे. माझ्याकडे नाही. फोन कर म्हणतोय ना तुला!"

चारला सात मिनिटं होती. देझिरेने बराच वेळ फोन उचलला नाही. उचलला तेव्हा मागे यंत्राची घरघर होती.

"शाई चढवलीय, गिस्लेन. आता काय, बुधवार करू?"

"थांबव."

"किती वेळ?"

"छापायचंच नाही."

घरघर बंद पडली. "वेड लागलंय का तुला? अगं, सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. लोक मला विचारतील. मग हा कोलार होता कुठला? कुणाचा कोण?"

तिने फादरकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला. तिने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"देझिरे," ते म्हणाले. श्वास लागत होता, पण शब्द नीट होते. "आम्हाला ठाऊक नाही. पंचेचाळीस वर्षं शोधलं. ठाऊक नाही. विचारलं तर असंच सांग."

मग त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. पलीकडून देझिरे विचारत होता, की आता या लावलेल्या कागदाचं काय करू. गिस्लेनने फोन परत आपल्या कानाला लावला.

"कोराच ठेव," ती म्हणाली. "मी येते न्यायला."